खळ्यावरची सराय

आमच्या घरात माझ्या बोलण्याला चाराने भागायचा नियम आहे. बाजारात हत्तीएवढा भोपळा पाहिला असं मी ओट्यावरून ओरडलो, की बायको आत पोरांना सांगते, "वासराएवढा असेल." हा हिशेब वर्षानुवर्षं बिनचूक चालत आला आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. वऱ्हाडातून परतल्यावर मात्र पहिल्यांदाच ती भागता भागता थांबली. म्हणून हे लिहायला बसलो. तुम्ही तिकडे गेला नसाल तर भागाकार करत करत वाचा. कुठे थांबायचं ते मी शेवटी सांगेन.

माझा धंदा मातीचा. पेणला आमच्या घरात गणपती घडतात. मी पुण्याला आलो आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमीन घडवू लागलो. म्हणजे असं, की एखाद्या जुन्या वास्तूखाली काळी माती किती, मुरूम किती, कातळ कुठे, हे साहेब लोक यंत्राने शोधतात. मग मी लाकडी पेटीत तसेच थर भरतो, वर मातीची छोटी वास्तू ठेवतो आणि पेटी हलवली जाते. वास्तू टिकली तर साहेब गणितं करतात. पडली तर जास्त गणितं करतात.

कोयनेचा धक्का बसल्याला दोन हिवाळे झाले होते. तोवर महाराष्ट्रात जमिनीवर कुणी संशय घेत नसे; नंतर मात्र कपाटाचं दार वाजलं तरी लोक अंगणात येत. त्यातच वरून हुकूम निघाला, की ज्या शाळा जुन्या दगडी इमारतींत भरतात त्या इमारतींखालची जमीन तपासा, खात्री नसेल तर शाळा हलवा. आमच्या वाट्याला आलं बुलढाणा जिल्ह्यातलं धामणखेड नावाचं गाव आणि तिथली एक जुनी सराय.

मलकापूर

बरोबर सोमणसाहेब होते. भूगर्भशास्त्री. इतके बारीक, की उन्हात उभे राहिले तर त्यांच्यापेक्षा मिटलेल्या छत्रीची सावली जाड पडे. बोलणं त्याहून बारीक. पुण्यापासून मलकापूरपर्यंत ते एकूण दोन वाक्यं बोलले, त्यातलं एक चहावाल्याशी.

मलकापूर स्टेशनात उतरलो तर पहाटेच्या धुक्यात कापसाच्या गाठींची रांग लागलेली. एवढी लांब, की तिचं एक टोक मलकापुरात आणि दुसरं मला वाटतं मुंबईच्या गोदीत असावं. गाठींवर बसून हमाल विड्या ओढत होते आणि त्यांच्या मिशांवर कापूस बसल्यामुळे सगळेच्या सगळे वयस्कर दिसत होते. गरम भजी घेतली. सोबत आलेली तळलेली मिरची मी कोकणी भाबडेपणाने अख्खी तोंडात टाकली. त्यानंतर जे झालं त्यात मला मुंबई-नागपूर मार्गावरची सगळी इंजिनं एकाच वेळी शिट्टी देताना ऐकू आली.

"पानी नका पिऊ, साब. गूळ खाव," असं म्हणत कुणीतरी माझ्या हातावर खडा ठेवला. हे उस्मानभाई, आमचे जीपवाले. आडवे-उभे सारखेच रुंद, डोक्याला मफलर. त्यांच्या जीपचा एक दरवाजा दोरीने बांधलेला होता आणि दुसरा दरवाजा नव्हताच, त्यामुळे तिथली दोरी शिल्लक होती. ती त्यांनी माझ्या कमरेला बांधली. "रस्ता देखोगे तो दुवा दोगे," म्हणाले. पहिल्याच खड्ड्याला दिली.

रोहिणखेडच्या वाटेने

वाट कापूस वेचून झालेल्या शेतांतून जात होती. पऱ्हाट्या उभ्या, मधेच ज्वारीची पिवळी पडलेली कणसं. आमच्या पेणकडे माती पायाला चिकटते; इथली काळी माती हिवाळ्यात अशी भेगाळते, की एका भेगेत उस्मानभाईंची चप्पल गेली आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती अजून खाली जात आहे. सोमणसाहेब त्या भेगेपाशी उकिडवे बसले. "पावसाळ्यात हीच माती फुगते," ते म्हणाले. "उन्हाळ्यात आकसते. हिच्यावर घर बांधणं म्हणजे श्वास घेणाऱ्या पोटावर ताट ठेवणं." एवढं लांब बोलून त्यांना धाप लागली.

रोहिणखेडला जुनी मशीद पाहायला थांबलो. दगडावर इतकं नाजूक कोरीव काम, की माझे हात आपोआप पाठीमागे गेले. आपल्या हाताचा आपल्याला कमीपणा वाटला तर माणूस तो लपवतो. शतकानुशतकं हे उभं आहे. सोमणसाहेबांनी भिंतीला तळहात लावला आणि वैद्य नाडी पाहतो तसे डोळे मिटले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"भिंत काही सांगत नाही, म्हात्रे. सांगते ती खालची जमीन. भिंत फक्त ऐकते."

धामणखेड

गावाबाहेर बऱ्हाणपूरच्या जुन्या वाटेवर ही सराय आहे. एका ओळीत आठ कमानी, मागे जाड भिंत, वर चुन्याचं छप्पर. कधीकाळी इथे व्यापारी आपल्या बैलांसकट मुक्काम करत. आता कमानींत पोरं बसून पाढे म्हणत होती आणि शेवटच्या कोपऱ्यातल्या कमानीत खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा, आवाज असा की माझ्या कमरेची दोरी आपोआप सुटली.

"उतरा, सायेब. पण पायताणं तिथंच ठेवा."

मी खाली पाहिलं आणि थक्क झालो. सरायीच्या चारी बाजूंनी अंगण होतं. अंगण कसलं, आरसा! शेणाने सारवलेलं, टणक, सपाट, कडेला रांगोळी. त्यात मला माझी मिशी दिसली असं मी घरी सांगितलं. (भागा.) सोमणसाहेबांनी निमूटपणे बूट काढले आणि मोज्यांवर यंत्र उचलून आणलं.

बाईंचं नाव शेवंताबाई. त्या याच गावातल्या, बौद्धवस्तीतल्या. शिकून मास्तरीण झालेली गावातली पहिली बाई. त्यांच्या शेजारी गावचे पाटील उभे होते, आत्माराम पाटील. उंच, पागोटंवाले, वांग्याच्या आणि मिरचीच्या वाफ्यांचे मालक, आणि गप्पांत माझ्या तोडीचे. दोघं एकमेकांशी असं बोलत, की नवख्याला वाटावं आता मारामारी होणार.

"सायेब," पाटील म्हणाले, "मी बाईले म्हणतो, शाळा हलवाची त हलवा ना बे माझ्या ओसरीवर! भल्ली मोठी ओसरी हाय."

"ओसरी मोठी हाय, मले मालूम हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "पण तुमच्या ओसरीले पायऱ्या हायेत, पाटील. कोन्या पोरानं कोन्या पायरीवर बसाचं, हे पोरं यायच्या आधीच ठरून राह्यते."

पाटलांनी पागोटं सारखं केलं. "मी तसं नाई म्हणत..."

"तुमी नाई म्हणत. पायऱ्या म्हणतात." मग त्या आमच्याकडे वळल्या. "ही सराय कोनाच्याच बापाची नाई, सायेब. म्हणून इथं पाटलाचा नातू अन माझा भाचा एकाच बारदानावर बसतात. बारदान एकदा उचललं त दोघं परत एका जागी बसतीन याचा भरोसा मले नाई. म्हणून तुमी काय ते नीट पाहा. खोटं लिहू नका, पण पाहा मात्र नीट."

आपल्या कामावर काय टांगलेलं आहे हे इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्र ऐकतं

पद्धत सोपी आहे. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवायचा, त्यावर मोठा हातोडा हाणायचा. दूर ओळीने काही कानयंत्रं खोचलेली असतात. ठोका जमिनीतून पळत त्यांच्यापर्यंत जातो. मऊ मातीतून रमतगमत, मुरमातून झपाट्याने, कातळातून बाणासारखा. यंत्राच्या पेटीतल्या कागदावर रेघ उठते आणि सोमणसाहेब त्या रेघेवरून खाली कोणता थर किती खोल आहे ते सांगतात.

हातोडा उस्मानभाईंनी घेतला. पहिला ठोका असा हाणला, की नागपूरला लोक आपापली कपाटं धरून उभे राहिले असावेत.

"साब!" ते ओरडले. "ये जमीन नै, लोहा है! हातोडा उछलके मेरे मूंपे आ रा!"

कागदावरची रेघ पाहून सोमणसाहेबांची भुवई वर गेली. दुसरी ओळ, तिसरी ओळ. सगळीकडे तेच. संध्याकाळी ते म्हणाले, "वरपासूनच मुरूम दिसतोय. चांगला, घट्ट."

हे बोल कुणी ऐकले कोण जाणे, पण पाचव्या मिनिटाला गावात हलगी वाजू लागली. पाटलांकडे जेवण होतं: गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले पानगे, तुपात बुडवून, सोबत वांग्याची रसरशीत भाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा. आमची तांदळाची भाकरी जिभेवर विरते. कळण्याची भाकर जिभेशी वाद घालते आणि जिंकते. मी पानगे खाल्ले ते मोजू नये अशी विनंती केली, तरी उस्मानभाई मोठ्याने मोजत होते.

सोमणसाहेब मात्र घास चिवडत बसले.

"साहेब, जमीन पास झाली ना?" मी हळूच विचारलं.

"म्हात्रे, सकाळी वाटेत आपण भेगा पाहिल्या. त्या भेगा गावाच्या वेशीपर्यंत आल्या आणि सरायीपाशी एकदम गेल्या. जमीन इतकी एकसारखी नसते. ती पाठ करून आलेलं भाषण म्हणत नाही."

तेवढ्यात पाटील तुपाची वाटी घेऊन आले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "पास होनारच होती, सायेब! दिवाळीपासून झटून राह्यलो ना आमी!"

"कशासाठी?"

"जमिनीसाठी! कागद आला, सायेब लोक जमीन ठोकून पाहनार. आमी म्हटलं, पाहुना येनार, अन त्याले असं भेगाळलेलं दाखवाचं? लाजीरवानं नाई का? गाड्या जुंपल्या, नाल्यावरून मुरूम आणला, पसरला, पानी मारलं, धुम्मसानं धुम्मसला. मंग बैल फिरवले. मंग पुन्हा पानी, पुन्हा बैल. जसं ज्वारीचं खळं करतो ना, तसंच. वरून बायांनी सारवलं. पोराइनं घागरीनं पानी आणलं. बाईनं बी आणलं!"

शेवंताबाई पंगतीच्या कडेला वाढत होत्या. अभिमानाने हसल्या.

आणि हे मी चाराने भागता येणार नाही अशा पद्धतीने सांगतो: सोमणसाहेबांच्या हातातला पानगा ताटात पडला आणि त्या एवढ्या आवाजाने सगळं घर गप्प झालं.

"पाटील," ते म्हणाले, "तुम्ही मला जमीन दाखवली नाहीत. खळं दाखवलंत."

त्यांनी समजावून सांगितलं. वरचा थर इतका घट्ट झालाय, की ठोका तिथूनच पळतो. खालचं मऊ असेल तर ते यंत्राला ऐकूच येत नाही. तपासणी व्यर्थ. कोणी रागवलं नाही, कारण कोणी खोटं केलं नव्हतं. पाहुण्यासाठी अंगण सारवलं होतं, इतकंच. आमच्या पेणलाही पाहुणा यायचा म्हणून ओटा रंगवतात आणि पाहुणा त्यावर बसून पाठ निळी करून जातो.

"मंग तुमी काय लिहान?" शेवंताबाईंनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही, असं."

बाईंनी भाजीचं पातेलं खाली ठेवलं. "वरच्या हापिसात 'नक्की सांगता येत नाई' याचा अर्थ एकच होते, सायेब. खाली करा."

सोमणसाहेबांनी मान हलवली. होयच्या बाजूने.

नांगर

सकाळी गाव सरायीपुढे जमलं. चेहरे असे, की त्यांच्यापुढे मयताच्या घरचे लोकही आनंदी दिसले असते. बाईंनी फक्त एक शब्द उच्चारला.

"नांगरा."

"काय?" पाटील दचकले. "खळं नांगरत असतात का, बाई? अजून त्यानं दाना बी नाई पाह्यला! कोरं खळं मोडणं म्हंजे..."

"मंग दाना दाखवा अन मोडा. खळं मोडलं त पुन्हा होईन. शाळा मोडली त होनार नाई."

पाटील घरात गेले. मला वाटलं रुसून गेले. बाहेर आले ते ओंजळभर ज्वारी घेऊन. अंगणाच्या मधोमध त्यांनी ती ठेवली, पागोटं काढून बाजूला ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि तीच ज्वारी पाखरांकडे उधळली. "पाह्यला त्यानं दाना," एवढंच म्हणाले. मग स्वतःच्या खिलाऱ्यांची जोडी जुंपून त्यांनी स्वतःच्या हाताने तो आरसा फोडायला सुरुवात केली.

नांगराच्या पहिल्याच ओळीला फाळ असा कण्हला, की बायांनी पदर तोंडाला लावले. ढेकळं निघत होती थाळ्याएवढी. उस्मानभाई खांद्यावर हातोडा घेऊन मागोमाग चालत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "क्या काम किया था यारो, क्या काम किया था!" शोकसभेत एवढं मनापासूनचं भाषण मी ऐकलेलं नाही.

मोडलेला थर बाजूला ओढून खालच्या मूळ मातीत कानयंत्रं खोचली. ठोका. आता रेघ रांगत निघाली. अपेक्षेप्रमाणे काळी माती, खोलवर, मऊ. दुसरी ओळ तशीच. सोमणसाहेबांचं पेन्सिल धरलेलं बोट पांढरं पडलं होतं. शेवंताबाई पाढे म्हणवून घेत होत्या, पण सत्तावीसचा पाढा पोरांनी चुकीचा म्हटला आणि बाईंना कळलं नाही.

मग तिसरी ओळ. ती अगदी सरायीच्या भिंतीला लागून, जोत्याच्या कडेने.

ठोका. रेघ थोडी रांगली आणि एकदम पळाली.

"पुन्हा हाणा, उस्मानभाई."

पुन्हा तेच. सोमणसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "म्हात्रे, भिंतीखाली काहीतरी घट्ट आहे. बाहेर नाही, फक्त भिंतीखाली. इथे खड्डा घ्यायचा. भिंतीला धक्का न लावता."

खड्डा

खणायला सगळं गाव तयार होतं, पण खड्ड्यात मावणार तिघंच. शेवटचा थर मी खुरप्याने आणि ब्रशाने सोडवला, कारण माती सोलणं माझं काम आहे.

खड्ड्याच्या बाहेरच्या बाजूला काळी माती होती. भिंतीच्या बाजूला मात्र काळी माती कुणीतरी कापून काढली होती, चर मारून, आणि त्यात मुरूम भरला होता. वीतभर जाड थर, त्यावर चुन्याची पांढरी रेघ, त्यावर पुन्हा वीतभर मुरूम, पुन्हा चुना. आमच्याकडे फणसपोळ्या एकावर एक रचून कापल्यावर दिसतात तसा तो चर दिसत होता. बांधणाऱ्यांना ही माती श्वास घेते हे माहीत होतं. त्यांनी ती आधी काढली आणि मग सराय ठेवली.

एका थराचा वरचा तुकडा सहज सुटून आला. त्याच्या पाठीवरची माती झाडली आणि मला काहीतरी दिसलं. मी गप्प बसलो. माझ्यासारखा माणूस गप्प बसला म्हटल्यावर वर उभे असलेले सगळे घाबरले.

"साप हाय काय?" पाटील ओरडले.

"पाटील," मी म्हणालो, "तुम्हीच खाली या."

ते उतरले. मी बोट दाखवलं. घट्ट मुरमावर एक ठसा उमटला होता. दोन पाकळ्या, मधे फट.

पाटील उकिडवे बसले. मग त्यांनी त्या ठशात चार बोटं अलगद ठेवली.

"बैल हाय," ते म्हणाले. "गोऱ्हा नाई, पुरा बैल." त्यांनी ठशातली माती फुंकली. "बैल फिरवले हायेत इथं. पानी मारून. म्हंजे... आमी काई नवं नाई केलं."

वरून शेवंताबाईंचा आवाज आला, "केलं ना! आमी वरून केलं, त्याइनं खालून केलं. एवढाच फरक!"

गाव हसलं. मग त्या बैलाच्या जातीवरून वाद पेटला तो दुपारपर्यंत चालला. खिलारी, का गवळाऊ, का निमाडी? पाटलांनी आपला बैल आणून त्याचा पाय शेजारच्या ओल्या मातीत उमटवून दाखवला. माझ्या मते बैलालाही त्या वादात मत होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही. सोमणसाहेब मात्र खड्ड्याच्या काठावर बसून हसत होते. पुण्यात हे मी कुणाला सांगितलं तर मत असलेल्या त्या बैलापेक्षा यावर जास्त शंका घेतात.

हसणं थांबलं ते संध्याकाळी. भिंतीच्या कडेने ओळ पुढे नेली तेव्हा कोपऱ्यातल्या शेवटच्या कमानीखाली रेघ पुन्हा रांगू लागली. तिथेही खणलं. जुन्या नाल्याचं पाणी कधीतरी आत शिरलं होतं आणि मुरूम धुऊन नेला होता. सात कमानी भक्कम थरावर, आठवी पोकळीवर.

आठव्या कमानीत शेवंताबाईंची खुर्ची होती.

बैलगाडी

पेटी मी तिथेच घडवली. सुताराकडून फळ्या, नाल्यावरचा मुरूम, शेतातली काळी माती. साच्यात ओळीने सात कमानींखाली थर भरले, आठवीखाली फक्त काळी माती. वर चिखलाची सराय. पोरांनी दिवसभर सावलीत वाळवली, आणि मी पाठ वळवल्याबरोबर तिच्यात शाळा भरवली. बोटाएवढी मातीची पोरं, कमानी गच्च भरलेल्या. कोण पाटलाचं, कोण बाईंचं, हे ज्यांनी केली त्यांनाही ओळखता येत नव्हतं. आठव्या कमानीत चष्मा लावलेली एक मातीची बाई, खुर्चीवर.

"साहेब, ही पेटी गाडीवरून चाकोरीने नेली तर?" मी विचारलं. "लोकांना कळेल."

"हे शास्त्र नाही. तमाशा आहे."

"मग?"

"बैल जरा हळू हाका," सोमणसाहेब म्हणाले. "गणित मी वेगळं केलंच आहे."

पेटी गाडीवर बांधली माझ्याच कमरेच्या दोरीने. पाटील हाकायला बसले. सगळं गाव दुतर्फा. ही चाकोरी साधी नव्हे. तिच्यातून गेलेलं दूध घरी लोणी होऊन पोचतं. गाडी पहिल्या खळग्यात गेली. मातीची सराय हादरली, धूळ उडाली. उभी! दुसरा खळगा, तिसरा. पोरं श्वास रोखून धावत होती. चौथ्या खळग्यात पेटी उसळली आणि टक् असा आवाज झाला.

आठवी कमान कोसळली होती. सात उभ्या होत्या.

पोरांच्या रांगेतली एक मुलगी एकदम हमसून रडायला लागली. ती मातीची बाई तिने केली होती.

शेवंताबाई पुढे आल्या. ढिगाऱ्यात दोन बोटं घालून त्यांनी स्वतःला बाहेर काढलं. खुर्ची मोडली होती, बाई शाबूत. चष्म्यावरची धूळ त्यांनी फुंकरीने उडवली.

"काऊन रडते गं? मेली काय मी? खुर्ची मोडली, बसनारी नाई मोडली." आणि त्यांनी ती मातीची बाई उचलून तिसऱ्या कमानीत, पोरांच्या घोळक्यात, बारदानावर ठेवली. "उद्यापासून मी इथं. खुर्ची माझ्या घरी नेऊन टाका. तिचा मले तसाबी कंटाळा आला होता."

अहवालात सोमणसाहेबांनी लिहिलं: सात कमानींत शाळा भरू शकते, आठवी बंद ठेवावी आणि तिच्याखाली खोदून मुरूम व चुना थराथराने घट्ट बसवावा, जसा बाकीच्यांखाली आहे. कसं करायचं याचं चित्रही काढून दिलं.

पाटलांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हंजे सायेब, चर मारून, मुरूम टाकून, पानी मारून, धुम्मसून, पुन्हा मुरूम..."

"हो."

"हे त खळंच झालं!"

"खळंच," सोमणसाहेब म्हणाले. "फक्त या वेळी योग्य जागी."

आम्ही निघालो तेव्हा गाड्या नाल्याकडे वळल्या होत्या. नांगरलेल्या अंगणातला मोडका मुरूम पोरं घमेल्याने कोपऱ्याकडे नेत होती आणि तिसऱ्या कमानीतून सत्तावीसचा पाढा येत होता. बरोबर. उस्मानभाईंनी माझ्या कमरेला नवीन दोरी बांधली.

घरी हे सांगताना बायको नेहमीसारखी भागत होती. पानगे भागले, हातोडा भागला, मलकापूरची मिरची तर तिने आठाने भागली. मग मी कागदात गुंडाळून आणलेला, पाटलांनी आग्रहाने दिलेला, बैलाच्या खुराच्या ठशाचा मुरमाचा तुकडा ओट्यावर ठेवला. तिने त्यात चार बोटं ठेवली, तशीच, पाटलांसारखी.

"आणि किती कमानी राहिल्या म्हणालात?"

"सात."

"सात," ती म्हणाली, आणि भागलं नाही.